बरगडीची आतली बाजू: कोकणातल्या जुन्या हाडांवरून श्वसनरोग कसा अभ्यासावा

माणूस गेल्यावर फुप्फुसं काही काळाने नाहीशी होतात. शेकडो वर्षांनी अभ्यासकाच्या हाती येतात ती हाडं आणि दात. तरीही त्या माणसाला श्वसनाचा जुना त्रास होता का, याचा अंदाज हाडांवरून बांधता येतो. दाह नाकात असो, फुप्फुसात असो की फुप्फुसाच्या आवरणात, तो फार काळ टिकला तर शेजारच्या हाडापर्यंत पोचतो. मग हाडावरची पातळ त्वचा, म्हणजे पेरिऑस्टियम, चिडते आणि नवं हाड तयार करू लागते. हा थर शोधणं हेच या अभ्यासाचं मुख्य काम. त्यासाठी बघण्याच्या जागा तीन: गालाच्या हाडामागची सायनसची पोकळी, बरगड्यांची आतली बाजू आणि पाठीचे मणके.

नवं हाड दिसण्याइतकं वाढायला आठवडे लागतात, ही मर्यादा आरंभीच लक्षात ठेवायला हवी. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने देशभरात एक कोटीहून अधिक माणसं नेली. त्यांतली बहुतेक आजारी पडल्यावर थोड्याच दिवसांत गेली. त्यांच्या बरगड्या आज तपासल्या तर निरोगीच दिसतील. हाड बोलतं ते जुनाट आजाराबद्दल. झटपट मारणाऱ्या आजाराची खूण त्यावर उमटत नाही.

आधी माती तपासा

कोकणात कुठल्याही हाडाकडे बघण्याआधी ते कुठल्या मातीत होतं ते विचारा. जांभ्याच्या लाल मातीत आम्लता असते, आणि वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातून झिरपतो. हाडाचा खनिज भाग हळूहळू विरघळतो. अशा जागी कधी कधी फक्त दातांवरचं एनॅमल उरतं, किंवा मातीत देहाच्या आकाराचा काळसर डाग. याउलट किनाऱ्यालगतच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. त्यातला चुना आम्लता मारतो, म्हणून पातळ बरगड्याही टिकण्याची शक्यता वाढते. चुन्याच्या गिलाव्याने बांधलेल्या कबरीतही तसंच.

चाचणी सोपी आहे. खड्ड्यातली माती एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी अडीच भाग घ्या, म्हणजे २० ग्रॅम मातीला ५० मिलिलीटर. ढवळून अर्धा तास ठेवा, मग पीएच मीटर किंवा पट्टी लावा. आकडा ५.५ च्या खाली आला तर त्या जागी बरगड्यांची अपेक्षा कमी ठेवा. ७ ते ८ च्या दरम्यान आला तर बारीक हाडंही काळजीपूर्वक शोधा. वाळूवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकल्यावर फेस आला तर तिच्यात शिंपल्याचा चुना आहे. हे सगळं वहीत नोंदवायचं, कारण पुढे "आजार आढळला नाही" असं लिहिताना तो नव्हता की मातीने पुसला, हा प्रश्न उभा राहणारच.

परवानगी आणि मान

स्वतः होऊन खोदायचं नाही. उत्खननाला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन वास्तू कायदा इथे लागू होतो. समुद्राने किनारा कापल्यामुळे किंवा घराचा पाया खणताना हाडं निघाली तर काम थांबवा, हाडं जागची हलवू नका, आणि पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला कळवा. हाडं जुनी की अलीकडची हे ठरवण्याचा पहिला अधिकार पोलिसांचा. ती जुनी ठरली की पुरातत्त्व खात्याची पाळी येते.

कब्रस्तानं, चर्चची आवारं, बेने इस्रायलींच्या दफनभूमी, लिंगायतांच्या दफनभूमी यांतल्या कितीतरी आजही वापरात आहेत. तिथे माणसं दिवे लावतात, फुलं वाहतात. त्या संशोधनाच्या जागा नाहीत. बहुसंख्य हिंदूंमध्ये दहन होतं, पण लहान मुलांचं आणि संन्याशांचं दफन करण्याची रीत आहे. म्हणून कोकणातला कुठलाही अस्थिसंग्रह "गावातले सगळे" असा धरता येत नाही. कोण पुरलं जात होतं आणि कोण जाळलं जात होतं, हे आधी लिहा. आकडे त्यानंतर.

हात बसवायला माणसाची हाडं लागतातच असं नाही. खाटकाकडून बोकडाच्या बरगड्या आणि डोकं आणून उकळा, मांस सोडवा आणि सावलीत वाळवा. बरगडीची आतली आणि बाहेरची बाजू, डावी आणि उजवी, हाडाच्या पृष्ठभागावरच्या नेहमीच्या रेघा हे सगळं त्यावर डोळ्यांत भरतं. माणसाच्या हाडांसाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात परवानगी मागता येते. जमिनीतून आलेली हाडं हाती घेण्याआधी निदान शंभरेक निरोगी बरगड्या बारकाईने पाहा. निरोगी म्हणजे काय हे ठाऊक नसलं की प्रत्येक छिद्र रोगाचं वाटायला लागतं.

हाडं उचलताना

हंगाम नोव्हेंबर ते मे. पाऊस लागल्यावर उघडा खड्डा ठेवू नये. धातूची हत्यारं दूर ठेवा, बांबूच्या काड्या आणि मऊ ब्रश पुरे. ओली बरगडी ओढून काढू नका. सगळी बाजू मोकळी झाल्यावर खालून आधार देऊन उचला. डाव्या आणि उजव्या बरगड्यांच्या पिशव्या वेगळ्या ठेवा आणि प्रत्येकीवर ती छातीच्या कुठल्या भागातून आली ते लिहा. ही माहिती नंतर पुन्हा मिळत नाही.

छातीच्या पोकळीतली माती फेकू नका. ती सगळी २ मिलिमीटर जाळीतून चाळा. फुप्फुसाच्या आवरणावर बसलेला चुन्याचा पातळ पापुद्रा किंवा कॅल्शियम साचलेल्या लसिकागाठी तिथेच सापडतात, आणि नवखा चाळणारा त्यांना खडा समजून टाकून देतो. शंका आली तर जपून ठेवा.

कवटी उचलण्याआधी सायनसमधली माती काढायची नाही. ती आतल्या नाजूक भिंतींना आधार देते. प्रयोगशाळेत कोरड्या ब्रशने थोडी थोडी काढा आणि १ मिलिमीटर जाळीतून चाळा. दात घासू नका, त्याचं कारण पुढे येईल.

किनाऱ्यावरच्या हाडांचा मोठा शत्रू मीठ. ओलं हाड उन्हात ठेवलं की आतलं खारट पाणी झपाट्याने उडतं, मिठाचे स्फटिक पृष्ठभागाखाली फुलतात आणि वरचा थर पापुद्र्यासारखा उडतो. त्यासोबत रोगाची खूणही जाते. म्हणून सावलीत, वारा फारसा न लागता, आठवडाभर हळू वाळवा. प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत ओलं हाड बंद केलं की बुरशी येते, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर काही दिवसांतच. साठवणीच्या खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखा. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि त्याचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. ठिसूळ हाडाला बळकटी द्यायला ॲसिटोनमधलं ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक कृत्रिम राळ) लावता येतं, पण फक्त हाड पूर्ण वाळल्यावर. ओल्यावर लावलं तर पांढरा थर येतो. डीएनए किंवा रसायनांच्या तपासणीसाठी राखलेल्या तुकड्यांना काहीच लावायचं नाही.

सायनस: सर्वात जास्त वेळ इथे द्या

मॅक्सिलरी सायनस म्हणजे गालाच्या मागची, वरच्या दाढांच्या मुळांवर बसलेली पोकळी. आपण आत घेतलेली धुळीची, धुराची आणि ओलसर हवा नाकातूनच जाते, आणि तिथला जुना दाह या पोकळीच्या भिंतींवर उमटतो. चेहऱ्याचं हाड फुटलेलं असेल तर आत थेट दिसतं. अखंड असेल तर भोक पाडू नका. ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा वैद्यकीय एंडोस्कोप, म्हणजे आतलं दाखवणारी बारीक नळी, नाकाच्या बाजूच्या नैसर्गिक वाटेने हळूच घाला. बाजारात मिळणारे ५.५ मिलिमीटरचे स्वस्त कॅमेरे बहुतेक कवट्यांत जड जातात आणि पातळ भिंती मोडतात.

निरोगी पोकळीची भिंत गुळगुळीत असते. तिच्यावर रक्तवाहिन्यांचे पन्हाळीसारखे हलके खळगे असतात आणि काही ठिकाणी बारीक छिद्रं. तळावर हाडाचे आडवे पडदे उभे असतात. १९१० मध्ये अंडरवुड या अभ्यासकांनी वर्णन केल्यापासून या पडद्यांना अंडरवुड यांचं नाव आहे. दाढांच्या मुळांमुळे तळाला उंचवटेही येतात. यातलं काहीच रोगाचं नाही. नवखे लोक सर्वात जास्त चुकतात ते इथेच: पडदा दिसला की सायनुसायटिस, म्हणजे सायनसचा दाह, लिहून मोकळे होतात.

रोगाच्या खुणा नोंदवताना त्यांचे प्रकार वेगळे लिहा. एक, भिंतीवर पसरलेली बारीक छिद्रं. दोन, भिंतीतून वर आलेले हाडाचे सुईसारखे काटे. तीन, तेच काटे झिजून, एकमेकांत मिसळून भिंतीत जिरलेले. चार, मूळ भिंतीवर बसलेला पांढरट सच्छिद्र थर. कधी लहान गोळे किंवा गाठी असतात. नुसत्या छिद्रांवर निदान करू नका, ती निरोगी माणसातही असतात आणि मातीतल्या आम्लानेही पडतात. काटे आणि पांढरट थर यांचा पुरावा भक्कम. काटे तीक्ष्ण आणि सुटे असतील तर मृत्यूच्या वेळी दाह चालू होता, झिजून मिसळलेले असतील तर तो जुना होता, असं वाचता येतं. पुष्कळदा दोन्ही एकत्र दिसतात. मग दोन्ही लिहा.

पुढचा प्रश्न: दाह नाकातून आला की दाताकडून? पहिल्या दाढेचं मूळ पोकळीच्या तळाला जवळजवळ टेकलेलं असतं. दाढ किडून मुळाशी पू झाला की तो वर पोकळीत शिरतो. म्हणून त्या बाजूच्या प्रत्येक दाढेचा खळगा तपासा. खळग्यातून पोकळीत जाणारं भोक दिसलं तर त्याची कड बघा. गोलसर आणि जुन्या रंगाची कड म्हणजे माणूस जिवंत असतानाचं भोक, धारदार आणि फिकट कड म्हणजे मातीत किंवा तुमच्या हातात झालेली मोड. दाताकडून आलेला दाह वेगळ्या रकान्यात टाका. विडा खाणाऱ्यांचे दात लाल-तपकिरी किंवा काळसर होतात. तो डाग कीड नव्हे.

मुलांचा सायनस लहान असतो आणि कायमच्या दाढा येतात तसा वाढतो. म्हणून मुलं आणि मोठी माणसं एका आकड्यात मिसळू नयेत.

बरगड्या: तिरप्या उजेडात

बरगडी टेबलावर आतली बाजू वर करून ठेवा. मोठा दिवा बंद करा आणि लहान टॉर्च एका बाजूने, जवळजवळ आडवा धरा. सावल्या पडल्या की समोरून कधीच न दिसलेला थर उठून दिसतो. मग दहापट भिंगाने बघा. कोवळं नवं हाड राखाडी, सच्छिद्र, अस्सल पृष्ठभागावर बसवल्यासारखं दिसतं. जुनं झालेलं हाड गुळगुळीत होऊन खालच्या हाडात मिसळलेलं असतं, पण बरगडी तिथे जाड वाटते.

प्रत्येक तुकड्याची नोंद अशी: डावी की उजवी, शक्य असेल तर क्रमांक, निदान पहिल्या, दुसऱ्या, अकराव्या आणि बाराव्या बरगडीचा, कारण त्या ओळखायला सोप्या असतात, भाग डोक्याकडचा, मधला की छातीच्या हाडाकडचा, बाजू आतली की बाहेरची, थर कोवळा की जुना, लांबी मिलिमीटरमध्ये. क्षयरोगात बदल बहुधा मधल्या बरगड्यांच्या आतल्या बाजूला, मणक्याकडच्या टोकाजवळ असतात.

पण "आतल्या बाजूचा थर म्हणजे क्षय" असं समीकरण मांडू नका. अमेरिकेतल्या टेरी संग्रहात मृत्यूचं कारण माहीत असलेले सांगाडे आहेत. १९९४ च्या अभ्यासात त्यांतल्या क्षयाने गेलेल्यांपैकी ६१.६ टक्क्यांच्या बरगड्यांवर बदल होते, फुप्फुसाच्या इतर आजारांनी गेलेल्यांपैकी २२.२ टक्क्यांच्या, आणि फुप्फुसाशी संबंध नसलेल्या कारणांनी गेलेल्यांपैकीही १५.२ टक्क्यांच्या. म्हणजे बरगडीवरून "छातीत जुना दाह होता" इतकं ठामपणे म्हणता येतं. त्यापुढचं नाव इतर हाडं बघून सुचवायचं, आणि शक्यता म्हणूनच.

गोंधळ करणाऱ्या गोष्टी कोकणात जास्त असतात. मिठाचा पापुद्रा सच्छिद्र थरासारखा दिसतो, पण ओलसर कापसाने टिपला की विरघळतो. शिंपल्यांच्या वाळूतला चुना हाडावर घट्ट बसतो. बांबूच्या काडीने त्याची कड उचलते आणि खाली शाबूत हाड दिसतं, नवं हाड मात्र असं सुटत नाही. हाडावर आम्ल टाकून बघू नका, गळून पडलेल्या कपच्यावर हवं तर चाचणी करा. झाडांच्या मुळ्यांनी पडलेल्या नक्षीत हाड खोदलेलं असतं, वर चढलेलं नसतं. चार वर्षांखालच्या मुलांच्या हाडांवर वाढीचंच कोवळं हाड असतं, त्यावरून आजार वाचू नका.

मणके आणि लांब हाडं

क्षय मणक्यांत उतरला तर खालचे छातीचे आणि वरचे कमरेचे मणके पुढून पोखरले जातात. मागची कमान बहुधा वाचते. पुढचा भाग कोसळला की कणा पुढे वाकून टोकदार कुबड येतं. इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये याचं वर्णन केलं. असा सांगाडा मिळाला तर निदान बरंच पक्कं होतं, पण तो मिळणं दुर्मिळ. उपचार नसलेल्या काळात क्षयाच्या रुग्णांपैकी साधारण ३ ते ५ टक्क्यांच्याच हाडांत बदल होत. नुसता एक चेपलेला मणका म्हातारपणाच्या मोडीचाही असू शकतो. ब्रुसेला जंतूच्या आजारात मणक्याच्या पुढच्या वरच्या कोपऱ्याला खाच पडते आणि तिथे नवं हाडही वाढतं. क्षयात नवं हाड सहसा कमी. नडगी, हाताची हाडं आणि तळहाताची हाडं यांच्या दांड्यांवर दोन्ही बाजूंना सारखाच थर असेल तर फुप्फुसाच्या जुन्या आजाराचा विचार करा. एकाच नडगीवर असेल तर मार लागल्याचा.

दातांवरचं किटण

किटणात खाल्लेल्या अन्नाचे आणि आत घेतलेल्या हवेतले कण अडकून कडक होतात. त्यात कोळशाचे सूक्ष्म कणही सापडू शकतात, म्हणून दात घासायचे नाहीत. स्वच्छ हत्याराने काही मिलिग्रॅम किटण खरवडून निर्जंतुक नळीत ठेवा आणि त्याच खड्ड्यातल्या मातीचा नमुना सोबत ठेवा. मातीतच कोळसा असेल तर किटणातल्या कणांना अर्थ उरत नाही.

मोजणी

सर्वात मोठी फसगत इथे होते. समजा २० माणसांचे सांगाडे आहेत, त्यांपैकी १४ जणांचा निदान एक सायनस बघता आला आणि ६ जणांत बदल दिसले. प्रमाण ६ भागिले १४, म्हणजे ४२.९ टक्के. ६ भागिले २०, म्हणजे ३० टक्के लिहिलं तर न दिसलेले सहा जण तुम्ही निरोगी धरले. "दिसला" कशाला म्हणायचं ते आधी ठरवा, उदाहरणार्थ तळाचा निदान अर्धा भाग शाबूत असेल तरच. हा नियम अहवालात लिहा आणि शेवटपर्यंत बदलू नका. बरगड्यांसाठी प्रमाण दोनदा काढा: किती माणसांत, आणि तपासलेल्या किती बरगड्यांपैकी.

हाडं मिसळलेली असतील तर वेगळा हिशेब. संजाण आज गुजरातेत असलं तरी जुन्या उत्तर कोकणाचा भाग. तिथल्या २००२ ते २००४ च्या उत्खननात दोखमा, म्हणजे पारशी लोक मृतदेह ठेवत ती उघडी वास्तू, आणि माणसांची हाडं मिळाली. दोखम्यात एकाची हाडं दुसऱ्याच्या हाडांत मिसळणं स्वाभाविक आहे. अशा संग्रहात माणूस हा एकक सोडा. सगळ्या उजव्या मॅक्सिला, म्हणजे वरच्या जबड्याची सायनस असलेली हाडं, एकत्र मोजा, सगळ्या डाव्या वेगळ्या, आणि एकाच बाजूच्या आकड्यावर निष्कर्ष काढा, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जाईल.

धुराचा अर्थ लावताना

कोकणातल्या कुडाच्या किंवा मातीच्या घरात चूल आत असे, धुराड्याशिवाय. पावसाळ्याचे चार महिने लाकूड ओलसर, दारं बंद, आणि धूर कौलांच्या फटींतून जाईल तेवढाच. स्वयंपाक बहुतांशी बायकांकडे. त्यामुळे बायकांच्या सायनसमध्ये बदल जास्त असावेत, ही तपासण्याजोगी अपेक्षा आहे, निष्कर्ष नव्हे. तपासताना वय सारखं ठेवा. म्हाताऱ्या बायका आणि तरुण पुरुष यांची तुलना केली तर फरक वयाचाच निघेल. दमट भिंतींवरची बुरशी, एका खोलीत निजणारी माणसं, किडक्या दाढा यांनीही सायनस सुजतात. चुनाभट्टीवर काम करणाऱ्यांचा किंवा मिठागरांवरच्या माणसांचा स्वतंत्र गट हाडांवरून ओळखता येत नाही, त्यासाठी कबरीतला किंवा कागदपत्रांतला पुरावा लागतो.

ज्याच्या हाडावर खूण आहे तो नेहमी जास्त आजारी होता असंही नाही. खूण उमटण्याइतका काळ तो आजार सोसून जगला होता. जो पहिल्याच झटक्यात गेला त्याचं हाड कोरं राहिलं. १९९२ मध्ये मानवशास्त्रज्ञ जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी हा पेच नीट मांडला. म्हणून एका गावात बदल जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसले तर लगेच पहिलं गाव रोगट ठरवू नका. दोन्हीकडची माती, वयं आणि दफनाची रीत शेजारी ठेवून बघा.

तपासणी झाल्यावर दोन आठवडे थांबून वीसेक बरगड्या आणि दहा सायनस पुन्हा तपासा, आधीची नोंद न बघता. दुसऱ्या कुणाकडूनही तेच करून घ्या. दोन नोंदी जिथे जुळत नाहीत त्या हाडांचे फोटो मोजपट्टीसह अहवालात द्या, आणि रकान्यात रोगाचं नाव न लिहिता जे दिसलं ते लिहा: उजवी सहावी किंवा सातवी बरगडी, आतली बाजू, मणक्याकडचं टोक, कोवळा सच्छिद्र थर, लांबी १८ मिलिमीटर.